साठ अंशांवर थबकलेला आकडा

गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) नवा बसवून तेरा दिवस झाले आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा लागला. गाडी तशी चालत होती. झटके नव्हते, मिसिंग नव्हतं, पिकअपही बरा होता. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, मात्र जरा चढं राहायचं, पेट्रोल जास्त लागत होतं आणि तापमानाचा काटा मधल्या खुणेपर्यंत काही केल्या येत नव्हता. गाडीच्या कॉम्प्युटरमधलं वाचून दाखवणारा स्कॅनर लावला तर पुन्हा तोच कोड, पी०१२८. कूलंटचं, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान हवं तितकं चढत नाही, एवढंच हा कोड सांगतो. ज्या गॅरेजमध्ये गाडी दिली होती तिथे त्याचा अर्थ एका शब्दात लावला गेला होता : थर्मोस्टॅट. जुना काढला, नवा घातला, कोड पुसला, किल्ली हातात दिली.

जुना थर्मोस्टॅट मी मागून घेतला होता. दिवा पुन्हा लागला त्या संध्याकाळी तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लोंबकळता सोडला, पाण्यात थर्मामीटर ठेवला आणि खाली गॅस लावला. ७० अंश झाले, ७५ झाले, झडप मिटलेलीच. ८२च्या सुमारास कडेला केसाएवढी फट दिसली, मग ती रुंदावत गेली, आणि ९० अंश ओलांडल्यावर झडप पुरती उघडली. गॅस बंद केला. पाणी निवत गेलं तशी ती सावकाश, घट्ट मिटली. इतकं प्रामाणिक काम करणारा भाग गाडीतून काढून टाकला गेला होता. तो तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसले. पैसे गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त टोचलं ते हे की त्याला कुणी एकदाही तपासलं नव्हतं. त्याच्या नावाचा कोड आला, एवढा पुरावा पुरला.

इंजिनातली मापं कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत तर हे फार सर्रास घडतं. म्हणूनच लिहायला बसले आहे.

गाडीचं जे काही मला कळतं ते बाबांकडून आलेलं आहे. ते कार्ब्युरेटरच्या काळातले मिस्त्री. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचे. त्यांच्या वयाचे बरेच जण गाडीत कॉम्प्युटर आला तेव्हा वैतागले. बाबा खूश झाले होते. "आजवर इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून ओळखावं लागायचं, आता ते स्वतःच आकडे सांगणार," असं म्हणत त्यांनी जुनं मल्टिमीटर बदलून नवं घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न मात्र तेव्हाही बदलला नाही आणि आजही नाही. तक्रार कसलीही असू दे, ते आधी विचारतात, "बॅटरी किती?"

लहानपणी मला याचा कंटाळा यायचा. गाडी गुदमरते म्हटलं तरी बॅटरी किती, पेट्रोल जास्त खाते म्हटलं तरी बॅटरी किती. आता मी स्वतः तसंच करते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी रिकामी. सेल्फ मारताना आकडा खाली जाणारच, पण ९.६च्या खाली घसरला तर आधी बॅटरीकडे बघावं. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळाले पाहिजेत. अर्थिंगची तारही तेवढीच महत्त्वाची. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवायची आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये कुठेतरी गंज आहे किंवा बोल्ट सैल आहे. या पाच मिनिटांच्या तपासणीत दहा-बारा 'खराब' सेन्सर बरे झालेले मी पाहिले आहेत. कॉम्प्युटर सगळं काही व्होल्टांत ऐकतो. खालची जमीनच हलत असेल तर वरचं कुठलंच माप खरं येत नाही.

मग येतो कोड. ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःची तपासणी करून कोड नोंदवण्याची ही पद्धत, अमेरिकेत १९९६पासूनच्या मोटारींना सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१मध्ये. सोळा पिनांचं तेच सॉकेट आणि 'पी०'ने सुरू होणारे तेच कोड कंपनी कुठलीही असली तरी चालतात, ही केवढी मोठी सोय आहे. पण हा सगळा खटाटोप मुळात धुरासाठी होता. हवा बिघडवणारी गाडी ओळखता यावी म्हणून. इंजिनाच्या प्रत्येक दुखण्याचं निदान करणं हे काम त्या दिव्याला कुणी दिलेलंच नव्हतं. कॉम्प्युटर गाडी चालता चालता स्वतःच्या काही ठरलेल्या परीक्षा घेत असतो आणि त्यातली एखादी नापास झाली की तिचा क्रमांक लिहून ठेवतो. कोड म्हणजे तो क्रमांक. पी०१२८ची परीक्षा अशी : बाहेरची हवा इतकी, इंजिन इतका वेळ इतक्या भाराने चाललं, म्हणजे एव्हाना कूलंट इतक्या अंशांवर असायला हवं. आहे का? नाही. लिहा. तापमान खरोखर चढलं नाही, की चढलं पण सांगणाऱ्याने कमी सांगितलं, हे त्या परीक्षेला कळायला मार्ग नाही.

कोड नोंदताना कॉम्प्युटर त्या क्षणाचं एक चित्रही जपून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग किती होता, आरपीएम किती, कूलंट किती तापलं होतं, इंजिनावर भार किती. निदानाची अर्धी वाट त्या चित्रात असते. कोड पुसला की ते चित्र पुसलं जातं, आणि कॉम्प्युटरने तोवर पार पाडलेल्या परीक्षांची नोंदही जाते. म्हणून, वाचलेलं कागदावर उतरवण्याआधी 'आधी पुसून बघू, परत येतो का' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दिवा विझवायची घाई कशाला? दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन फेऱ्यांत परीक्षा पास होते आणि दिवा आपला आपण विझतो.

खरं निदान कुठे सुरू होतं हे सांगायला पी०१७१ हा कोड मला सगळ्यांत आवडतो. 'मिश्रण पातळ' असा त्याचा अर्थ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधतंय का ते सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. १९७६मध्ये बॉशने बनवलेला असा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत बसला, आणि आजही त्याचं मूळ तत्त्व तेच आहे. झिर्कोनियाची एक टोपी, आतून बाहेरची मोकळी हवा, बाहेरून जळलेला धूर. सुमारे ३०० अंशांच्या पुढे तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर ती व्होल्ट तयार करते. ०.९च्या आसपास म्हणजे मिश्रण दाट, ०.१ म्हणजे पातळ, आणि ०.४५च्या रेषेवरून सतत वर-खाली. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. किती टक्के जास्त, किती कमी, हा आकडा स्कॅनरवर फ्युएल ट्रिम म्हणून दिसतो. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. २०-२५ टक्के पेट्रोल वाढवूनही भागत नसलं की पी०१७१ लागतो.

आणि मग अनेक ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. जो इतके दिवस 'पेट्रोल कमी पडतंय' असं ओरडून सांगत होता, त्यालाच घराबाहेर काढायचं!

एकदा अशीच एक गाडी बाबांसमोर आली. उभ्या गाडीत ट्रिम अधिक २२ टक्के. बाबांनी मला रेस धरायला सांगितलं, २५०० आरपीएमवर. आकडा उतरत उतरत ४वर आला. पाय काढला, पुन्हा २२. बाबांनी बॉनेटखाली वाकून एकेक रबरी नळी पकडीने हलकेच चिमटीत धरायला सुरुवात केली. तिसरी नळी दाबली आणि इंजिनाचा सूर बदलला, ट्रिम खाली आली. नळी जिथे वळते तिथे पोटाच्या बाजूने चिरली होती. वरून पाहिलं तर नवीकोरी दिसत होती. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ मिटलेला असतो आणि त्याच्या पुढच्या हवेच्या वाटेत, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, ओढ जबरदस्त असते. त्या वेळी चिरेतून आत शिरणारी, न मोजलेली हवा एकूण हवेच्या मानाने पुष्कळ ठरते. रेस दिली की थ्रॉटलमधून इतकी हवा येते की ती चीर नगण्य होते. म्हणून उभ्याने २२ आणि रेसवर ४. याच्या बरोबर उलटं दिसलं, म्हणजे उभ्याने ठीक आणि चढावर, भाराखाली ट्रिम वाढत गेली, तर नळ्या सोडून टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचं प्रेशर किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर बघावा. एमएएफमध्ये तापवलेली बारीक तार असते. वाहती हवा तिला गार करते आणि तिला तितकीच गरम ठेवायला लागणारी वीज मोजून हवेचं वजन कळतं. तारेवर धुळीचं पांघरूण बसलं की हवा तिला नीट गार करू शकत नाही आणि हवा कमी आली असं कॉम्प्युटरला वाटतं. त्याच्यासाठी मिळणाऱ्या खास स्प्रेने ती धुवायची, बोट किंवा कापड लावायचं नाही.

ज्या इंजिनात एमएएफ नसून मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा एमएपी सेन्सर असतो तिथे हीच चीर वेगळी दिसते. तिथे आत आलेली जादा हवा प्रेशरमध्ये मोजली जाते, कॉम्प्युटर तिच्यासाठी पेट्रोलही देतो, आणि मिश्रण पातळ होण्याऐवजी आयडलिंगच चढतं. दुखणं तेच, लक्षण दुसरं. आपल्या गाडीत दोहोंपैकी काय आहे हे माहीत नसताना केलेली चर्चा वाया जाते.

ऑक्सिजन सेन्सरबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो, पेट्रोल दिसत नाही. समजा एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही. पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर आली. धुरात कच्चं पेट्रोल भरपूर आहे, पण सेन्सरला दिसला तो न वापरलेला ऑक्सिजन. तो म्हणतो, पातळ. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. आधीच पेट्रोलने माखलेल्या इंजिनात आणखी पेट्रोल. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडाला फट असली तरी तसंच, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर ती इमानाने मोजतो. तो खोटं बोलत नाही. त्याला जे दिसतं तेच तो सांगतो. त्याला काय दिसत नाही हे आपण लक्षात ठेवायचं.

मिसिंग शोधणं त्या मानाने सोपं. कॉम्प्युटर क्रँकशाफ्टच्या फिरण्यातला बारीकसा अडखळा ओळखून सिलिंडर नेमका सांगतो : पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ दुसरा. समजा दुसरा निघाला. त्याचा कॉइल, म्हणजे ठिणगीची वीज देणारा भाग, काढून तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याचा दुसऱ्यावर. कोड बदलून पी०३०३ झाला तर कॉइल गेला. जागचा हलला नाही तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. एकही नवा भाग न घेता उत्तर मिळतं. एकच सांगणं, पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर गाडी चालवत राहू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी वितळते. पुढे कधीतरी पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, येतो, कन्व्हर्टर बदलला जातो, आणि त्याला मारणारं मिसिंग तसंच राहिलेलं असेल तर नवाही त्याच वाटेने जातो.

गरम झाल्यावर अचानक बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने काही न झाल्यासारखी सुरू होणारी गाडी असेल तर मी आधी इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर बघते. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला, तर कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय याचा पत्ताच नाही. तो ठिणगी देणार नाही आणि पेट्रोलही नाही. सेन्सरवर गार पाणी ओतलं आणि गाडी लागलीच सुरू झाली, तर मग वाद उरत नाही.

एकाच वेळी चार-पाच कोड आले की माणसं घाबरतात. बाबांचा चेहरा उलट खुलायचा. एका गाडीत थ्रॉटल, एमएपी, एसीचा प्रेशर सेन्सर, सगळ्यांनी एकदम हात वर केले होते. इतके सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. या सगळ्यांना कॉम्प्युटर ५ व्होल्टचा एकच पुरवठा देतो. बाबांनी मीटर त्या तारेवर लावलं : ०.८ व्होल्ट. मीटर माझ्या हातात दिलं आणि स्वतः एकेक सेन्सरचं कनेक्टर काढत गेले. थ्रॉटलचं काढलं, ०.८. एमएपीचं काढलं, ०.८. एसीच्या प्रेशर सेन्सरचं काढलं आणि आकडा उडी मारून ५वर गेला. आतून शॉर्ट झालेल्या एका सेन्सरने बाकीच्या सगळ्यांची भाकरी अडवून धरली होती. बाबा कनेक्टर हातात धरून हसत होते. "सगळ्यांचं सामाईक काय आहे ते शोधायचं," एवढंच म्हणाले आणि हात पुसायला गेले.

तर माझी गाडी.

स्कॅनर लावून मी सकाळी बसले. रात्रभर उभी असलेली गाडी म्हणजे फुकटची प्रयोगशाळा असते. इंजिन, कूलंट, आत जाणारी हवा, सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं, त्यामुळे सेन्सर एकमेकांशी ताडून बघता येतात. हवेचा सेन्सर २० म्हणत होता, कूलंटचा १७. तीन अंशांचा फरक. एवढं चालायचंच, असं मनाशी म्हणून मी तो सोडून दिला, आणि तिथेच चुकले.

गाडी अर्धा तास फिरवून आणली. पडद्यावर कूलंट ६०. बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या वरच्या नळीला बोट लावलं तर टेकवताच मागे घ्यावं लागलं. आत हीटर लावला तर झोत भाजणारा. ६० अंशांच्या पाण्याची ही धग नव्हे. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, कारण चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर हमखास कमी दाखवतो, आणि त्या काळ्या चौकोनावर नेम धरला. ८८. पुन्हा धरला. ८९. इंजिन अगदी हवं तितकं तापलेलं होतं. जुन्या थर्मोस्टॅटनेही ते तसंच तापवलं असणार, नव्यानेही. कॉम्प्युटरला मात्र ते कुणी कळवत नव्हतं.

म्हणजे सेन्सर बिघडलेला, असं पटकन मनात आलं. पण ज्या घाईला नावं ठेवत होते तीच मी करणार होते. कूलंटचा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे विजेचा रोध बदलणारा एक छोटा मणी, गार असताना रोध जास्त, तापला की कमी. माझ्या गाडीतल्या प्रकारात २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ६०ला सुमारे ६००, ९०ला सुमारे २४०. इंजिन बंद केलं, कनेक्टर काढलं, मीटरच्या पिना सरळ सेन्सरच्या दोन टोकांवर ठेवल्या. २४६ ओहम. सेन्सर ८९ अंश सांगत होता. तो पूर्णपणे खरा होता.

मग सुटलेल्या कनेक्टरकडे वळले. किल्ली चालू केली, पडद्यावर उणे ४०. हे बरोबर. तार तुटली की रोध अनंत, आणि कॉम्प्युटर त्याच्या पट्टीचं सगळ्यांत गार टोक दाखवतो. (उणे ४०ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे स्कॅनर कुठल्याही मापात असला तरी हा आकडा ओळखू येतो.) आता कनेक्टरच्या दोन पिना एका छोट्या तारेने एकमेकींना जोडल्या. रोध शून्य, म्हणजे पडद्याने पट्टीचं दुसरं टोक, १३०च्याही वरचं काहीतरी दाखवायला हवं. पडदा ७७वर थांबला.

मी तार काढून पुन्हा जोडली. ७७.

सेन्सरचं तर कनेक्टरच सुटं केलेलं. मग हे ७७ अंश कुणाचे? तारेत कुठेतरी ३५० ओहमच्या आसपासचा रोध दडून बसला होता, आणि कॉम्प्युटर त्यालाच तापमान समजत होता. ते लक्षात आलं तेव्हा सकाळचे तीन अंश आठवले. मी कागद घेऊन बसले. गार इंजिनात सेन्सरचे २५००, त्यात हे ३५०, झाले २८५०. म्हणजे १७ अंश. फक्त तीनचा फरक, कारण २५००मध्ये ३५० कुणाच्या नजरेत येत नाहीत. गरम इंजिनात सेन्सरचे २४०, त्यात तेच ३५०, झाले ५९०. म्हणजे ६० अंश. तोच दोष सकाळी तीन अंशांएवढा होता आणि दुपारी तीस अंशांएवढा. सकाळी तो मला दिसला होता आणि मी त्याला मोजण्यातली गफलत समजून पुढे गेले होते.

कागदावर पुढचं गणित केलं तेव्हा अंगावर काटा आला. इंजिन खरोखर तापून ११० अंशांवर गेलं असतं तर सेन्सरचे १४५ ओहम, अधिक ३५०, म्हणजे पडद्यावर ६६च्या आसपास. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंजिन कोमटच राहिलं असतं. काटा वर गेला नसता, आणि रेडिएटरचा पंखा, जो साधारण ९५-१००च्या पुढे लागतो, तो कधीच लागला नसता. एसी चालू असला की पंखा तसाही फिरतो, म्हणून इतके दिवस निभावलं होतं. एसी बंद ठेवून गर्दीत वीस मिनिटं अडकले असते तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जोडातल्या सीलवर, बेतलं असतं, आणि तेही 'इंजिन नीट तापत नाही' असा कोड असताना. आयडलिंग का चढं होतं, पेट्रोल का जास्त लागत होतं, याचा उलगडाही त्यातच होता. कॉम्प्युटर प्रत्येक प्रवास संपेपर्यंत इंजिनाला गारठलेलं समजून तशी वागणूक देत होता.

बाबांना फोन केला. "अहो बाबा, सेन्सर काढून पिना जोडल्या तरी ७७ दाखवतोय."

पलीकडे क्षणभर शांतता. "बॅटरी किती?"

"बारा पूर्णांक सहा. चार्जिंगही बघितलं."

"मग कनेक्टरच्या मागे सोल. पिनेला धरून जिथे तार दाबलेली असते तिथे. मी निघालोच."

ते येईपर्यंत मी पिनेची खिट्टी उचलून तार मागे ओढून घेतली होती. वरचं आवरण शाबूत होतं. ब्लेडने ते उभं चिरलं आणि आतून हिरवी भुकटी बोटांवर सांडली. तांब्याच्या पंधरा-वीस केसांपैकी दोनच केस धड होते, बाकीच्यांचा हिरवा कळंक झाला होता. कधीतरी इंजिन धुताना पाणी तिथे शिरलं असेल, केसांच्या मधून वर चढलं असेल, आणि आवरणाच्या आत, कुणाला न दिसता तांबं खात बसलं असेल. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते टोक डोळ्याजवळ नेलं. काही बोलले नाहीत. ते टोक त्यांनी खिशातल्या रुमालात गुंडाळून ठेवलं.

तार चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापली. नवी पिन दाबून बसवली, जोडावर श्रिंक स्लीव्ह चढवून तापवली, तारेला जरा ढील ठेवून तिची वाट बदलली, म्हणजे पुन्हा पाणी तिच्यावरून ओघळून पिनेत जाणार नाही. कनेक्टर लावण्याआधी पिना एकदा जोडून बघितल्या. पडद्यावर १४०. मग कनेक्टर खट्कन बसलं.

बाबा म्हणाले, "एसी बंद ठेव. उभीच चालू दे."

बॉनेट उघडं ठेवून आम्ही दोघं समोर उभे राहिलो, स्कॅनर त्यांच्या हातात. ७१. ८०. आयडलिंग खाली आलं, आवाज बसका झाला. ८८वर आकडा जरा रेंगाळला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. तो नवाच होता, जुना माझ्या टेबलावर होता. ९०. ९२. वरची नळी ताठ झाली. ९४. बाबांनी पंख्याच्या जाळीकडे मान वळवली, मीही. ९५. ९६. इतक्या दिवसांत मी हा पंखा कूलंटमुळे लागलेला ऐकलाच नव्हता हे मला तेव्हा कळलं. ९७ला खट असा रिलेचा आवाज आला, पाती सुरुवातीला सुटी सुटी दिसली आणि मग एकजीव होऊन गेली. गरम वारा आमच्या पायांवर आला. बाबांनी स्कॅनर माझ्याकडे दिला आणि हात बॉनेटच्या कडेला टेकला. आकडा खाली येत होता. ९१वर पंखा थांबला.